अकरा थांब्यांची यादी आणि हॉस्टेलला निघालेली लेक

प्रश्न : पुढच्या महिन्यात थोरल्या मुलीला दुसऱ्या शहरात कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडायला जायचं आहे. अंतर ४२० किलोमीटर, नकाशा साडेसात तास दाखवतो. सोमवारी सकाळी तिचा प्रवेश आहे, म्हणून शनिवारी निघायचं, वाटेत एक मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पोचायचं, एवढं ठरलं आहे. गाडीत आम्ही दोघं (गाडी दोघांनाही चालवता येते), सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात), मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला गाडी लागते. मी वाटेवरची बघण्यासारखी अकरा ठिकाणं शोधून ठेवली आहेत, यादी सोबत जोडली आहे. यांचं म्हणणं, सामानाने भरलेली गाडी घेऊन हिंडायचं कशाला, सरळ जाऊ आणि पोचल्यावर आराम करू. मुलगी म्हणते, ‘तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल.’ यादीतलं काय ठेवू, काय गाळू आणि यांना कसं पटवू?
— यादीत अडकलेली आई

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. अकरातली तीन ठेवा. एक मोठं ठिकाण, दोन छोटी. शिवाय पाऊण तास असा राखून ठेवा, ज्याच्यापुढे कुठल्याच ठिकाणाचं नाव लिहायचं नाही. आणि ती तीन कुठली, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका.

तुमची यादी मी नीट वाचली. किल्ला, धबधबा, संग्रहालय, तलाव, जुना दगडी पूल, पक्षी बघायचा मनोरा आणि बाकीची. ती मन लावून केलेली आहे, हे दिसतंय. पण आता तिच्याकडे घड्याळ हातात घेऊन बघा. नकाशावरचे साडेसात तास म्हणजे कोंडी नाही, कुणाला लघवीला जायचं नाही, टोलवर रांग नाही, पेट्रोल भरायचं नाही, असे साडेसात तास. घरची पाच माणसं असली की मी त्यात सरळ पाव भाग वाढवते. म्हणजे झाले जवळजवळ साडेनऊ. अकरा ठिकाणांना तासतास धरला तर आणखी अकरा. साडेवीस तास. दोन दिवसांचा उजेड मिळून चोवीस तासांच्या आसपास असतो आणि त्यातच जेवणं, मुक्कामाची आवराआवर, गुडघ्यांना उसंत आणि मुलाची उलटी हे सगळं बसवायचं आहे. ते बसत नाही. आणि यातल्या कित्येक ठिकाणांना तास पुरणारही नाही.

कामाला वेळ किती लागेल याचा अंदाज बांधताना माणूस कायम कमीच धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला नाव दिलं. आपण डोळ्यांपुढे सगळं सुरळीत चाललेलं चित्र आणतो आणि त्यावरून वेळ ठरवतो. मागच्या खेपेला प्रत्यक्षात किती लागला, ते आठवून बघत नाही. म्हणून एक करा. तुमच्या घरच्या शेवटच्या लांबच्या प्रवासाला नकाशाने किती तास सांगितले होते आणि घराच्या दारातून निघून मुक्कामाच्या दारात पोचेपर्यंत खरोखर किती लागले, ते दोघांनी बसून आठवा. तो तुमच्या घराचा आकडा. माझ्या पाव भागापेक्षा तो जास्त खरा. तो निघाला की तोच वापरा.

आता गाळायचं कसं. किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा. धबधबा मुख्य रस्त्यापासून १८ किलोमीटर आत आहे असं तुम्ही लिहिलंय. घाटाच्या रस्त्यावर ताशी ३० चा वेग धरा. जायला ३६ मिनिटं, यायला ३६, वर गाडी लावून खाली उतरायचं आणि चढून यायचं. दीड-दोन तास गेले, तेही वळणावळणाच्या रस्त्यावर, गाडी लागणाऱ्या मुलाला घेऊन. दगडी पूल मात्र रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. फोटोत धबधबा पुलापेक्षा दहापट देखणा असेल, पण तुमच्या गाडीसाठी पूल मोठा. आणखी एक बाब नकाशावर पटकन ध्यानात येत नाही, ती म्हणजे ठिकाण तुमच्या जायच्या बाजूला आहे की पलीकडच्या. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडचं ठिकाण नुसतं दिसतं. तिथे पोचायला पुढे पाच-सात किलोमीटर जाऊन वळावं लागतं. अशी ठिकाणं परतीच्या प्रवासासाठी काढून ठेवा, तेव्हा ती आपल्या बाजूला येतात.

फोटोवरून ठिकाण निवडू नका, हेही सांगते. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत, गाडी कुठे लावायची ते दिसत नाही, स्वच्छतागृह आहे की नाही ते दिसत नाही. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचाल तेव्हा सगळ्यात ताजे आणि सगळ्यात नाराज असे आधी वाचा. ‘फार सुंदर’ लिहिणाऱ्याकडून आपल्याला काही कळत नाही. ‘पार्किंगपासून अर्धा तास चढ आहे’ असं चिडून लिहिणारा माणूस सासूबाईंच्या गुडघ्यांवर उपकार करून गेलेला असतो. संग्रहालयाचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ फोन करून विचारा. पुष्कळ देशांत संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी असतं, आणि बंद व्हायची वेळ सहाची असली तरी तिकीट खिडकी बहुधा त्याआधीच मिटते.

इतकं झालं की यादी आपोआप पाच-सहावर येईल. तिथे थांबा आणि पुढचं काम घरच्यांवर सोपवा. उरलेली यादी जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाला एकच निवडायला सांगा. सासूबाईंना, धाकट्यालाही. आणि मोठं ठिकाण लेकीला निवडू द्या. ‘मला काहीही चालेल’ म्हणते म्हणून तिला सोडू नका. घर सोडायची वेळ जवळ आली की मुलं बरेचदा आधीच थोडी बाजूला सरकून उभी राहतात. तिला काही नको आहे, असा त्याचा अर्थ नसतो. तुमच्या प्रश्नात ती एकदाच बोलली आहे आणि मला वाटतं हा सगळा प्रवास तिच्याभोवती बांधायला हवा. ‘तुला काय बघायचंय?’ असं विचाराल तर पुन्हा ‘काहीही’ येईल. त्यापेक्षा ‘किल्ला की तलाव?’ असं विचारा. दोनातलं एक सांगायला मुलांना सोपं जातं.

आता मुक्काम. अंतर मोजून बरोबर मध्यावर मुक्काम घेऊ नका. पहिल्या दिवशी जास्त चाला, दुसऱ्या दिवशी कमी. तुमच्या वाटेवर सुमारे २६० किलोमीटरच्या आसपास राहण्याची चांगली सोय दिसते आणि मोठी म्हणता येतील अशी तुमच्या यादीतली दोन ठिकाणंही तिथून जवळ आहेत. माझा आग्रह असा की मोठं ठिकाण मुक्कामापाशीच असावं. शनिवारी संध्याकाळी पोचायचं, लवकर झोपायचं आणि रविवारी ते ठिकाण उघडता उघडता आत शिरायचं. गर्दी नसते, ऊन नसतं, सासूबाईंना बसायला बाक मोकळा मिळतो. मुख्य म्हणजे पोटात आदल्या सहा तासांचा प्रवास हिंदकळत नसतो. तेच ठिकाण प्रवासाच्या मधोमध दुपारी दोनला बघितलं तर वेगळंच भासतं. मी दोन्ही करून बघितलं आहे आणि सकाळसाठी मुक्कामाची जागा बदलावी लागली तरी बदलते.

शनिवारचा हिशेब मांडून दाखवते. २६० किलोमीटर म्हणजे नकाशाचे चार तास चाळीस मिनिटं, पाव भाग वाढवून जवळजवळ सहा. जेवणाला एक तास, छोट्या ठिकाणाला दीड तास, मोकळे ठेवलेले पाऊण तास. सकाळी सातला निघालात तर सव्वाचारला मुक्कामी. पावसाने किंवा कोंडीने दीड तास खाल्ला तरी अंधार पडायच्या आत. रविवारी मोठं ठिकाण बघून साडेअकराला निघा. १६० किलोमीटरला साडेतीन तास, जेवण, दुसरा छोटा थांबा, की पाचच्या आत तुम्ही त्या शहरात. रविवारी संध्याकाळी शहरात परतणाऱ्या गाड्यांची रीघ लागते आणि अनोळखी शहरात अंधारात हॉस्टेलची गल्ली शोधणं कुणालाच नको. शिवाय तुमचा रस्ता पश्चिमेकडे जातो. सूर्यास्ताआधीच्या तासाभरात सूर्य थेट काचेत येतो, सनशेड पाडूनही समोरच्या गाडीचे ब्रेकलाइट धड दिसत नाहीत. तो तास रस्त्यावर काढू नका.

हा दुसरा छोटा थांबा गाव यायच्या अर्ध्या-पाऊण तास आधी घ्या. इतक्या जवळ आल्यावर आता कशाला थांबायचं, असं सगळे म्हणतील. तरी थांबा. १९९३ मध्ये कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला आणि एकदा तेच ६० सेकंद धरून वर आणखी ३० सेकंद, पण या शेवटच्या तीस सेकंदांत पाणी एका अंशाने कोमट होत गेलं. पुन्हा कुठलं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. त्रास एकूण जास्त होता, पण शेवट बरा होता. प्रवासाचंही तसंच होतं. शेवटचा तास वैतागात गेला तर दोन दिवस वैतागाचे म्हणून लक्षात राहतात. त्या शेवटच्या थांब्यावर तोंड धुवा, केस विंचरा, सासूबाईंना दहा पावलं चालू द्या, मग शहरात शिरा. तुमची मुलगी ज्या गावात पुढची काही वर्षं राहणार आहे, तिथे ती आंबलेल्या अंगाने उतरायला नको.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांना पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. पण आधी हे सांगते की त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. गाडीत मुलीचा सगळा संसार आहे. सामानाने ठासलेली गाडी अनोळखी ठिकाणी तासन्‌तास लावून ठेवणं खरंच काळजीचं. म्हणून छोटे थांबे असे निवडा की गाडी नजरेसमोर राहील. लॅपटॉप आणि कागदपत्रं एका पाठीवरच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी कायम कुणाच्या तरी पाठीवर असू द्या. मोठं ठिकाण बघायला जाताना गाडी मुक्कामाच्या आवारातच ठेवता आली तर सोन्याहून पिवळं. मुक्कामाच्या रात्रीचे पाचही जणांचे कपडे, औषधं आणि चार्जर एकाच वेगळ्या पिशवीत भरा आणि ती डिकीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर ठेवा. नाहीतर रात्री गाद्या आणि बादल्या उपसत बसाल. मी हे अनुभवाने सांगते आहे, पार्किंगमध्ये टॉर्च धरून.

भरलेल्या गाडीला टायरमधली हवाही वेगळी लागते. बहुतेक गाड्यांवर चालकाच्या दाराच्या चौकटीला एक स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या गाडीचा आणि पूर्ण भाराचा असे आकडे दिलेले असतात. भाराचा आकडा घ्या. हवा गाडी थंड असताना तपासा, निघायच्या दिवशी पहाटे किंवा आदल्या रात्री. पळून तापलेल्या टायरमधला दाब जास्त दिसतो आणि हवा नीट आहे असं उगाच वाटतं. स्टेपनीचीही बघा. हे काम यजमानांकडे द्या आणि निघायची वेळही त्यांनाच ठरवू द्या. ज्याच्या शब्दाने गाडी सुटते, तो थांबायलाही जरा राजी होतो.

न थांबण्याबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. सलग दोन तास चालवलं की पंधरा मिनिटं उतरायचंच. युरोपात ट्रक-बस चालवणाऱ्यांना साडेचार तासांच्या चालवण्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे, आणि ती रोज हेच काम करणारी माणसं आहेत. दुपारी दोन ते चार या वेळात शरीराचं घड्याळच मंदावतं, जेवलात काय नि नाही काय. ताशी ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कुणाच्याच हातात नाही. खिडकी उघडून, गाणी मोठी लावून झोप जात नाही. कॉफी प्यायलात तर ती भिनायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात गाडी बाजूला लावून सीट मागे करून डोळे मिटा, उठाल तेव्हा तिचा गुण आलेला असेल. तुम्हालाही गाडी येते असं लिहिलंत. मग शनिवारी जेवणानंतरचा टप्पा तुमचा. ते मागे झोपतील.

‘वेगात जाऊ, मग थांबायला वेळ उरेल’ असंही त्यांनी म्हणून बघितलं असेल. ५० किलोमीटरचा तुकडा ताशी ८० ने गेलात तर साडेसदतीस मिनिटं लागतात, १०० ने गेलात तर तीस. साडेसात मिनिटं वाचली, तीही पुढच्या टोलवर जातील. भरलेली गाडी थांबायलाही जास्त जागा घेते. वेळ वाचवायचा असेल तर सकाळी अर्धा तास लवकर निघा. त्याने शहराबाहेर पडतानाची गर्दीच चुकते.

आणि त्यांना बर्था बेन्झची गोष्ट सांगा. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून जो ओळखला जातो, तो एका आईने केला, मुलांना घेऊन. ऑगस्ट १८८८. नवरा कार्ल बेन्झ याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, त्याला न सांगता, ती दोन मुलग्यांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. सुमारे शंभर किलोमीटर. वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोइन हा पेट्रोलसारखा द्रव घेतला, ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून दाखवतात. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. पुढे त्या चढांमुळेच कार्लने गाडीला आणखी एक गिअर दिला. तिचा कुठलाच थांबा बघण्यासारखा नव्हता, तरी त्या प्रवासातलं आज लोकांना आठवतं ते सगळं त्या थांब्यांवर घडलेलं आहे.

आता धाकट्याकडे वळू, कारण तुमचा दिवस त्याच्या पोटावर अवलंबून आहे. गाडी लागते ती कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं यांचा मेळ बसत नाही म्हणून. कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात मोबाइल तर स्थिर आहे. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. त्याच्या हातात ना पुस्तक द्या, ना फोन. मागच्या सीटवर मधे बसवा, म्हणजे पुढच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल, अर्थात मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा असेल तरच. नसेल तर खिडकीशी, पण नजर लांब. नऊ वर्षांच्या मुलाला पुढे बसवू नका, पुढची एअरबॅग मोठ्यांच्या मापाची असते. पोट अगदी रिकामं नको, तुडुंबही नको. औषध द्यायचं असेल तर ते उलटी सुरू झाल्यावर नव्हे, निघायच्या आधी द्यायचं असतं, त्याची मात्रा डॉक्टरांना विचारून ठेवा. तो गप्प झाला, जांभया देऊ लागला, चेहरा उतरला की समजा दहा मिनिटं आहेत. तेव्हा थांबलात तर थांबा पंधरा मिनिटांचा, नाही थांबलात तर गाडी धुवायचा.

सासूबाईंना पुढची सीट द्या, पाय पसरता येतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात असं दिसलं की चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, मग तो मोटारीचा का असेना, की पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो. मूळ धोका फार छोटा आहे, घाबरायचं कारण नाही. पण दर दोन तासांनी त्यांना उतरवून चार पावलं चालवायला एवढं कारण पुरे आहे. बसल्या जागी घोटे वरखाली करायला सांगा. आणि त्या संकोचाने पाणी कमी पितात का, हे बघा. वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून पुष्कळ बायका दिवसभर तहान मारतात. तुमच्या तीन थांब्यांच्या आधीसुद्धा, स्वच्छतागृह धड असलेल्या दोन जागा नक्की करा आणि त्यांना निघण्यापूर्वीच सांगून टाका. थांब्यावर त्यांना किंवा मुलाला ‘पाचच मिनिटं’ म्हणून बंद गाडीत बसवून जाऊ नका. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

प्रत्येक थांब्यानंतर जागा बदला. सासूबाईंची हरकत नसेल तर एका टप्प्यापुरती लेक पुढे, वडिलांच्या शेजारी. शनिवारी सकाळचा दुसरा टप्पा चांगला, तेव्हा सगळे जागे आणि ताजे असतात. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी नजर मिळवावी लागत नाही, दोघंही रस्त्याकडे बघत असतात. म्हणून घरात महिनोन्‌महिने न निघालेले विषय तिथे निघतात. वडिलांना आधी काही शिकवून पाठवू नका, फक्त तेवढा वेळ मागून सूचना देऊ नका. ते तासभर गप्प बसले तरी बसू द्या.

आणि तो राखून ठेवलेला पाऊण तास. हे मी तुम्हाला का लिहिते आहे ते सांगते. आईबरोबरच्या माझ्या शेवटच्या लांबच्या प्रवासात एका नदीवरून जाताना तिने विचारलं होतं, ‘इथे जरा थांबूया का?’ काठावर काही नव्हतं. देऊळ नाही, घाट नाही, यादीत तर ते नव्हतंच. आम्हाला पुढच्या ठिकाणी तीनला पोचायचं होतं. मी म्हटलं, परत येताना थांबू. परत येताना रात्र झाली होती आणि आई मागे झोपली होती. आम्ही तीनला जिथे पोचलो त्या जागेचं मला आज काहीही आठवत नाही. तिला त्या नदीवर काय दिसलं होतं, हे मी कधी विचारलंही नाही.

म्हणून कुणीही ‘थांबूया का’ म्हणालं, की जागा सुरक्षित असेल तर थांबा. चढणीवर, वळणावर, पुलावर नको. रस्त्यापासून पूर्ण बाजूला गाडी घेता येईल अशी पुढची जागा गाठा, चालत मागे या. गाडी थांबवल्यावर ‘काय आहे इथे?’ असं विचारू नका. शनिवारभर कुणीच काही म्हणालं नाही तर तो पाऊण तास मुक्कामी लवकर पोचण्यात जाईल, तोही काही वाया नाही.

परतीचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. प्रवेश होऊन, तिचं अंथरूण घालून, तुम्ही चौघं निघाल तेव्हा मागची एक जागा रिकामी असेल. तेव्हा हे म्हणतील, आता सरळ घरी जाऊ, आणि तुम्हालाही तेच वाटेल. ४२० किलोमीटर एका दमात आणि जड मनाने चालवू नका. डोळे भरून आलेला चालक आणि पेंगणारा चालक, दोघंही सारखेच धोक्याचे. सोमवारी दुपारी निघून वाटेत रात्र काढा, जमलं तर मंगळवारी सकाळी तो पक्ष्यांचा मनोरा धाकट्यासाठी करा. पहाटे पक्षी जास्त दिसतात आणि त्याला त्या दिवशी आपलं असं काहीतरी हवं असेल, बहीण गेली हे त्यालाही लागलेलं असणार.

दगडी पूल मात्र परतीला करू नका, त्याच्या जवळून नुसते पुढे या. उरलेल्या यादीसकट तो मुलीला पाठवून द्या. पहिल्या सुट्टीला तिला आणायला जाल, तेव्हा कुठे थांबायचं ते तिने सांगायचं.